देव नसलेला महिना

"पण मी खोटं काय सांगितलं, गुरुजी? या महिन्याचं नावच कान्नाझुकी. देव नसलेला महिना."

तरुण शिष्य एजुनने ताठ मानेने विचारलं. जपानमधल्या डोंगरावरच्या त्या मठात वर्षाच्या बाराही महिन्यांची जुनी नावं अर्थासकट त्याच्याइतकी कोणालाच येत नव्हती, आणि हे तो कोणाला विसरू देत नसे.

म्हाताऱ्या बोकुसान गुरुजींनी चहाचा पेला खाली ठेवला.

"ती बाई काय म्हणाली होती?"

"ओकिनू? खालच्या वस्तीतली विधवा. मुलीला पाठीशी बांधून आली होती. पोर तापाने फणफणलीय, देवापुढे दोन शब्द बोला, म्हणाली."

"आणि तू?"

"समजावलं. सगळे देव दूर इझुमोच्या देवस्थानात सभेला गेलेत. हा महिना सरला की परततील, तेव्हा ये."

"तेव्हा ये..."

"हो. इझुमोत मात्र याच महिन्याला देव असलेला महिना म्हणतात. तेही सांगितलं तिला."

संताप येतो तो इथे. तापलेलं लेकरू पाठीवर घेऊन आई दारात उभी, आणि हा शहाणा तिला महिन्यांची नावं शिकवत होता!

"पुढच्या महिन्यापर्यंत थांबते, असं पोर म्हणाली का?"

एजुन गुरुजींचा पेला पुन्हा भरू लागला.

"बोल."

"गुरुजी, ही रीत काही मी काढलेली नाही..."

"पाणी विचारलंस तिला?"

"ते राहूनच गेलं."

"पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिलास?"

"मी... नावाचा अर्थ सांगत होतो."

बोकुसान भिंतीला धरून उठले. त्यांनी स्वतःच्या अंथरुणावरची रजई ओढली, फळीवरची औषधाची पुडी कमरेला खोचली आणि उंबऱ्यावर बसून गवती चपला बांधू लागले. बाहेर बर्फाळ पाऊस सुरू झाला होता.

एजुन मागोमाग धावत आला.

"तुम्ही कुठे निघालात? उतार निसरडा झालाय. आणि तिथे जाऊन करणार काय, गुरुजी? देव तर..."

बोकुसानांनी रजई त्याच्या छातीवर आपटली आणि त्याला दाराबाहेर ढकललं.

"देव घरी असते, तर मीही बसून राहिलो असतो."