घुमटाची जागा

“घुमट किती उंच घेऊ, बाबा?”

सज्जादने नकाशा लतीफशा फकिरांसमोर उलगडला. पुण्यात उंच उंच टॉवर बांधून नाव काढलेला हा आर्किटेक्ट लहानपणी याच बाबांच्या पायाशी बसून शिकला होता. बाबांनी नव्वदी गाठली, तशी भक्तांनी पेठेतल्या बाबांच्याच जागेत त्यांच्या पुढे होणाऱ्या कबरीवर घुमट उभारायचं आधीच ठरवलं. दगड येऊन पडला होता. चुन्याच्या फक्कीने जमिनीवर घुमटाचा गोल आखूनही झाला होता.

बाबांनी नकाशा पाहिलाच नाही. ते त्या जागेतल्या कडुनिंबाकडे पाहत होते. त्याच्याखाली ताडपत्र्या ताणून पाच पिंजारी कुटुंबं राहत होती. रस्ता रुंद झाला, त्यात त्यांची घरं गेली होती.

“यांचं काय?” बाबांनी विचारलं.

“यांची सोय झालीय. हायवेपलीकडे मोठा टॉवर होतोय, त्याचा नकाशा मीच काढलाय. सातव्या मजल्यावर खोल्या मिळतील.”

त्याचा आवाज जरा चढलाच.

कापूस पिंजणारी चांदबी हातातलं काम थांबवून म्हणाली, “सायेब, आमचं गिऱ्हाईक सगळं पेठेतलं. गादी भरून घ्यायला सातव्या मजल्यावर कोण चढणार?”



“सगळ्यांचं मन राखता येत नाही, बाबा,” सज्जाद म्हणाला.



बाबा उठले. आखलेला गोल त्यांनी पायानेच पुसून काढला. मग मूठभर फक्की घेतली आणि वाकून सरळ रेघ ओढू लागले.

“इथे चांदबीचा ओटा. पिंजायला.”

दुसरी रेघ.

“ही भिंत दोन घरांत मिळून एकच. दगड पुरेल.”

तिसरी रेघ कडुनिंबापाशी आली. बाबांनी ती झाडाला वळसा घालून पुढे नेली.

सज्जाद धावत पुढे आला. “बाबा! ही तुमच्या कबरीची जागा आहे!”

“ठाऊक आहे.”

“लोकांनी दगड घुमटासाठी दिलाय.”

“मला दिलाय ना? मी यांना दिला.”

“एवढ्याशा घरांना पालिका परवानगी देणार नाही.”

“नकाशा तू काढ. अर्ज मी नेतो. नाही म्हणाले, तर उद्या पुन्हा नेतो.”

“भक्त चिडतील. काम बंद पाडतील!”

बाबा रेघेवरच मांडी घालून बसले.

“मी इथे बसलोय. आधी मला उचला म्हणावं.”

चांदबी डोक्यावरचा पदर सावरत आली आणि बाबांशेजारी बसली. ताडपत्रीखालून एकेक माणूस बाहेर आलं. सगळे रेघेवर ओळीने बसत गेले.

सज्जाद उभाच होता. इतकी वर्षं तो घरं काढत आला होता, पण आपल्या नकाशात माणसं बसलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

“पण मग...” त्याने पुसलेल्या गोलाकडे पाहिलं. “मग तुम्हाला ठेवायचं कुठे, बाबा?”

बाबांनी समोरची जमीन हाताने थोपटली.

सज्जाद खाली बसला. घुमटाचा कागद त्याने पालथा केला, कोऱ्या बाजूवर हात फिरवला आणि खिशातून पेन्सिल काढली.

बाबांनी हातावरची फक्की झटकली.

“पाया दोन मजले पेलेल असा घे. पोरं मोठी होतात.”