शाकंभरी येसूच्या पंगतीला बसली, त्याची कहाणी

बायांनो, हातात चार अक्षता घ्या, समईची वात सारखी करा आणि शाकंभरी आईची कहाणी ऐका.

आटपाट मळ्यांचं एक नगर होतं. तिथं एक माळी होता. त्याची बायको येसू. घरात सासू होती, मोठी जाऊ म्हाळसा होती, येसूची लेक चिमा होती. मळ्यात मेथी पिके, चाकवत पिके, पावटा पिके. माळी भाजी तोडी, येसू जुड्या बांधी. तिच्या हातची जुडी बाजारात लांबून ओळखू येई, अशी ती कामाची नेटकी.

एका वर्षी काय झालं, परसातली विहीर आटली. मळा सुकू लागला. आषाढी एकादशी आली. बायका देवळात जमल्या, चातुर्मासात कुणी काय सोडायचं ते बोलू लागल्या. एक म्हणाली, मी वांगं सोडलं. दुसरी म्हणाली, मी कांदा सोडला. येसू म्हणाली, "मी पालेभाजी सोडली. आमच्या विहिरीला पाणी येऊ दे."

मग पाऊस आला. विहीर भरली, पाणी वरच्या पायरीला लागलं. कार्तिक आला. बायकांनी उद्यापनं केली, सोडलेलं दान दिलं, आणि पुन्हा खाऊ लागल्या. येसूनं उद्यापन केलं नाही. तिला भय वाटलं, मी भाजी खाल्ली आणि पाणी गेलं तर?

पुढल्या आषाढात तिनं दूधदुभतं सोडलं. त्याच्या पुढल्या आषाढात डाळी सोडल्या, उसळी सोडल्या. पानात भात राहिला, मीठ राहिलं. सगळ्यांची जेवणं झाली की चुलीपाशी एकटी बसे, भात-मीठ कालवी, वर पाणी पिऊन उठे. सासू गावभर सांगे, "आमच्या येसूचा नेम कुणाला जमायचा नाही." येसूला ते ऐकून बरं वाटे.

मग तिच्या ओठांचे कोपरे फाटले. मग कोपरं खरखरीत झाली, फणसाच्या सालीसारखी. मग केस फणीत येऊ लागले, विळीवर कापलेलं बोट भरून येईना. येसूला वाटलं, माझ्याच नेमात काही उणं राहिलं. शेजारणी म्हणाल्या, हळद लाव. लावली. साय लाव. लावली. मसूर वाटून लाव. येसू पाट्यावर मसूर वाटू लागली.

म्हाळसा दारात उभी होती. म्हणाली, "अगं, पोटात जायचं ते गालाला फासतेस. गाल काय चावून गिळणार आहेत?"

येसू म्हणाली, "नेम आहे माझा, जाऊबाई."

"नेम तुझा गं. कातडं कुणाचं?" असं म्हणून म्हाळसेनं पाटा-वरवंटा ओढून घेतला, उरलेली मसूर स्वतःच वाटून दिली, आणि डोळे पुसत आत गेली.

एके दिवशी चिमानं पानातली भाजी बाजूला सारली. म्हणाली, "आई खात नाही, मीही नाही खायची. माझ्या नेमानंपण पाणी येईल." येसूनं समजावलं, दटावलं, शेवटी हात उगारला. पोर म्हणाली, "मग तू का नाही खात?" येसूनं उगारलेला हात खाली घेतला.

चिमानं भाजी टाकली, ताक टाकलं, वरण टाकलं. पोरीचे ओठ फाटले, गुडघे खरखरीत झाले, खेळताना ती मधेच बसून राही. स्वतःच्या अंगाचं तिनं सगळं सोसलं होतं, पोरीच्या अंगाचं सोसवेना.

पौषातली अष्टमी आली, शाकंभरीचं नवरात्र बसलं. येसूनं शाकंभरीपुढे पदर पसरला. "आई, माझ्या लेकीचं अंग पहिल्यासारखं कर. आता आणखी काय सोडू तेवढं सांग."

देवीनं ऐकलं. मनात म्हणाली, लेक मोठी हिमतीची, पण हिंमत लावते भलतीकडे. मग देवीनं सवाष्णीचं रूप घेतलं. हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू, तुकतुकीत अंग. भर दुपारी दारात आली. "माये, जेवू घालशील?"

येसूनं पाट मांडला, पान वाढलं. पानात नैवेद्याच्या भाज्या, भाकरी, लोणी. सवाष्ण म्हणाली, "मी घरच्या बाईशेजारी बसून जेवते. ती खाईल तेच खाते. नेम आहे माझा."

येसू ओशाळली. "बाई, माझ्या पानात काही नसतं हो."

"तुला पुरतं ना? मला पुरेल."

नेमवाली ती, दुसऱ्याचा नेम कसा मोडणार? दोघींनी भात-मीठ खाल्लं. सवाष्ण गेली.

दुसऱ्या दिवशी आली, तेव्हा तिच्या ओठांचे कोपरे फाटले होते. भात-मीठ खाल्लं, गेली. तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा कोपरं खरखरीत, केस विरळ, चेहऱ्यावर कळा नाही. इतक्यात सासू देवळातून लगबगीनं आली. "अगं येसू, देवीच्या मूर्तीला खवले धरलेत. गुरवानं तेल लावलं, लोणी लावलं, चंदन लावलं. कशानंच गुण येत नाही."

येसूनं सवाष्णीकडे पाहिलं. पाहिलं आणि ओळखलं. पाय धरले. "आई, हे कशानं झालं?"

"तुझ्या पंगतीला बसले, तुझ्यासारखी झाले."

"मग आता चांगलं वाढते."

"तू खाशील ते मी खाईन."

येसू रडू लागली. "मी खाल्लं तर विहीर आटेल. मळा जाईल. घर कशावर चालायचं?"

देवी म्हणाली, "पाणी पावसानं आलं. भाजी मी सगळ्यांसाठी पिकवली. त्यात तू नाहीस, हे तुला कुणी सांगितलं? जसा तो मळा माझा, तसं तुझं अंगही माझंच शेत. त्याचं पाणी तू तोडलंस. लेकीनं बघितलं, तिनंही तोडलं."

मग येसू उठली. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडला, पावटे सोलले, गाजर चिरलं. तीळ लावून बाजरीची भाकरी थापली, वर लोण्याचा गोळा ठेवला. मुगाचं वरण केलं, ताक घुसळलं, आवळा किसला. तीन पानं वाढली. देवीचं, आपलं आणि चिमाचं. घास उचलला, आणि हात थांबला.

"चिमे, विहिरीत बघून ये गं."

चिमा पळत गेली, पळत आली. "पायरीला आहे."

येसूनं पहिला घास खाल्ला. "आता बघ." पोर गेली, आली. "पायरीलाच आहे." येसूनं दुसरा घास खाल्ला. "पुन्हा बघ."

चिमा म्हणाली, "आई, पाणी कुठं जात नाही. माझी भाकरी गार होते."

म्हाळसा हसली, सासू हसली. येसूही हसली, फाटले ओठ दुखेपर्यंत. मग तिनं तिसरा घास खाल्ला, आणि मायलेकी देवीच्या पंगतीला पोटभर जेवल्या.

येसू म्हणाली, "आई, आता अंग उजळेल?"

देवी म्हणाली, "एका जेवणानं नाही. मी तुला वसा देते. पानात रोज काही हिरवं घे, काही डाळीचं घे, ऋतूचं फळ घे. गरम असताना घे, माणसांत बसून घे. उपासाच्या दिवशी उपास कर, तो संपला की जेव. घेतलेला वसा कंटाळून सोडू नको, बरं वाटलं म्हणून विसरू नको." असं म्हणून देवी दिसेनाशी झाली.

येसूनं ज्या जिद्दीनं सोडलं होतं, त्याच जिद्दीनं घेतलं. कुणी हसलं तरी चुकली नाही, काम पडलं तरी चुकली नाही. होळीला ओठ भरून आले. अक्षय्यतृतीयेला कोपरं मऊ झाली. आषाढ आला तो डोक्यावर नवे केस घेऊन. देवळातली मूर्ती तशीच हळूहळू उजळली. चिमा तर चिंचेच्या शेंड्याला चढू लागली, तिला उतरवताना घर दमलं.

एक दिवस पानं वाढताना येसूनं पाहिलं, सासू अजून चुलीपाशीच. जन्मभर पुरुषांच्या, पोरांच्या मागून गार जेवलेली बाई ती. येसूनं तिचा हात धरला. "आत्याबाई, या. तुमच्याशिवाय माझा वसा पुरा होत नाही." सासू म्हणाली, "मला मेलीला कशाला गरम?" पण उठली, पाटावर बसली. सुनेनं आधी तिला वाढलं.

शाकंभरी आई जशी येसूच्या पंगतीला बसली, तशी तुमच्या-आमच्या पंगतीला बसो. जसं येसूचं, चिमाचं अंग निरोगी झालं, तसं ऐकणाऱ्या सगळ्यांचं होवो. लांबलचक उत्तरांची ही कहाणी, थोडक्या उत्तरी सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.