गारगोटी आणि जाड वाळू

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा दगड घासून घ्यायला स्वतःच्या पायाने जायचे.

नदीकाठच्या फिरत्या पिंपात एक गारगोटी आणि एक अकीक शिरले. लांडोरीच्या मुकुटात एकच खडा बसणार होता, आणि दोघांनाही तिथेच जायचं होतं.

"आधी जाड वाळू, मग बारीक, शेवटी पॉलिशची पावडर. महिना लागेल," पिंपआजी म्हणाली.

आठवड्यात जाड वाळूने दोघांचे कोपरे गेले. अकीक पिंपाच्या पुढच्या कप्प्यातल्या बारीक वाळूत गेला.

"मी इथेच थांबते," गारगोटी म्हणाली. "ही जाड वाळू भराभर काम करते. बारीक वाळू म्हणजे नुसता टाइमपास!"

"अगं, ही फक्त झिजवते. चमक नाही आणत."

"आजी, तू फक्त फिर."

आजी फिरली.

महिन्याने अकीक लखलखत बाहेर आला. गारगोटी ज्वारीच्या दाण्याएवढी उरली होती, तीही मळकट. लांडोरीने अकीक मुकुटात बसवला. मग गारगोटीकडे नीट निरखून पाहिलं आणि तिला गिळून टाकलं. दाणे दळायला लांडोरीला पोटात खडे लागतातच.

आत अंधारात गारगोटी पुन्हा गरगर फिरू लागली.

शेजारच्या म्हाताऱ्या खड्याने विचारलं, "नवीन का गं? तुला घाई तर नाही ना?"