बाईंची तहान

“म्हणजे सोमवारी सारजाला शाळेत येऊ द्यायचं म्हणता, बाई?”

मथुराबाई पदराने चष्म्याची काच पुसत राहिल्या.

हणमंतचा जीव खालीवर होत होता. वाडीला तो शेडगे गुरुजी, पण बाईंपुढे अजून हणमंताच. पहिली ते चौथी याच शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आज शनिवारची सकाळची शाळा, म्हणून उजाडता उजाडता त्याने म्हाताऱ्या बाईंना मोटारसायकलवर मागे बसवून तांबडमाळावर आणलं होतं. वाटेतल्या खड्ड्यांबद्दल बाईंनी चकार शब्द काढला नाही, आणि शाळेच्या ओट्यावर टेकल्यावर एवढंच म्हणाल्या, सारजा येऊ दे.

बस्स. एवढ्यासाठी का त्याने त्यांना आणलं होतं?

त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. सोमवारी साहेब तपासणीला येणार, पोरांना एकेकाला उभं करून विचारणार. गेल्या वर्षी शाळा पार खाली गेली होती. यंदाही तसंच झालं तर शाळेला कुलूप, आणि पोरं ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत. साहेब लोकांना ते फार सोपं वाटत होतं. पावसाळ्यात त्या ओढ्यात उतरायला दांडगे गडीही कचरतात, हे त्यांना कुणी सांगावं? धनगरवाड्यावरचे आईबाप पोरींना तिकडे धाडणार नव्हते. पोरी मेंढरांमागे जाणार, की झालं शिक्षण.

आणि सारजा चौथीला होती. काही विचारलं की मान खाली घालायची आणि तोंडाला कुलूप. अशा पोरीला साहेबांपुढे उभं करणं म्हणजे हाताने घात करून घेणं. म्हणून हणमंत तिच्या बापाकडे गेला आणि म्हणाला, सोमवारी पोरीला मेंढरांकडे ने.

बाप लगेच हो म्हणाला.

का म्हणून विचारलंसुद्धा नाही त्याने. तेव्हापासून हणमंतला जेवण गोड लागत नव्हतं. एकीला घरी बसवून बाकीच्यांची शाळा वाचवायची, हा हिशेब तो मनाला रोज समजावत होता आणि मन काही समजत नव्हतं.

“तू शिकवतोस कसं, ते दाखव,” बाई म्हणाल्या.

आता शेडगे गुरुजी कामचुकार माणूस नव्हे, हे सांगितलेलं बरं. भिंती त्याने स्वतःच्या हाताने रंगवल्या होत्या. शाळा सुटल्यावर जादा तास घ्यायचा. बोलून बोलून त्याचा घसा कायमचा बसला होता. तेव्हा बाई मागे पोरांच्या पट्टीवर जाऊन बसल्या, तसा तो जरा ताठ झाला. म्हटलं, बघू देत एकदा.

“झाडाच्या पानात काय असतं? हरित…”

“द्रव्य!”

“सात आठे छप…”

“पन्न!”

“आपल्या राज्याची राजधानी? मुं…”

“बई!”

पत्रा नुसता दणाणत होता. हणमंत अर्धा शब्द टाकायचा, पोरं उरलेला झेलायची. कुठे खळ नाही, कुठे अडखळणं नाही. सारजाचं तोंडही सगळ्यांबरोबर उघडत होतं. इतकं चांगलं येतं पोरांना, आणि साहेबांपुढे उभं राहिलं की काय धाड भरते कुणास ठाऊक, हेच कोडं त्याला सुटत नव्हतं. त्याने अभिमानाने बाईंकडे पाहिलं.

बाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. पोरांकडे नाही.

मग त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि सारजापाशी गेल्या.

“बेचाळीसमधून सतरा गेले. किती उरले, बाळा?”

सारजाची मान खाली गेली.

…

हेच, अगदी हेच सोमवारी होणार होतं. साहेब घड्याळ बघणार, सुस्कारा टाकणार, पुढच्या पोराकडे वळणार. वर्ग चिडीचूप झाला. बाहेर कुणाचं तरी करडू ओरडत होतं. हणमंतला ती शांतता सोसवेना.

“पंच…” तो म्हणाला.

बाईंनी सरळ त्याच्या तोंडावर हात ठेवला. आपल्या गुरुजींच्या तोंडावर कुणी हात ठेवावा, हे पोरांनी कधी पाहिलं नव्हतं. ती फिदीफिदी हसली आणि लगेच गप्प झाली.

“मला तहान लागलीय, हणमंता. पाणी आण.”

ओट्यावर नळ आहे, हे त्याने सांगितलं. टाकी भरलेली आहे, हेही सांगितलं.

“आडाचं आण.”

आड टेकाडाखाली. हणमंतची कानशिलं तापली, पण बाईंपुढे काय बोलणार? त्याने कोपऱ्यातली कळशी उचलली आणि निघाला. सोमवार तोंडावर आलाय, एकेक घटका मोलाची, आणि बाईंना या वेळी आडाचं पाणी सुचतंय. वय झालं, दुसरं काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आडावर त्याने पोहरा सोडला. पोहरा पाण्याला टेकला न टेकला तोच दोर खेचला. वर ओढून बघतो तर तळाशी चूळ भरण्यापुरतं पाणी. चरफडत त्याने पुन्हा सोडला. या खेपेला दोर सैल धरून उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पोहरा तरंगत होता, कलत नव्हता.

तसा उभा असताना त्याला लहानपणीच्या बाई आठवल्या.

बाईंना तेव्हाही अशीच तहान लागायची. भर तासाला लागायची. एखाद्याला उभं करून काही विचारलं, की कळशी उचलून बाई निघाल्या आडावर. पोरं आपसांत खुसपुसायची. हणमंतने तर घरी जाऊन आईला विचारलं होतं, आमच्या बाई एवढं पाणी का पितात म्हणून. आणि गंमत म्हणजे त्याला उभं केलं की त्यांना हमखास तहान लागायची. तो तरी कुठे हुशार होता? मान खाली घालून उभा राहणारा पोरगा. बाई परत येईपर्यंत बोटं मोडायचा, जमिनीवर रेघोट्या ओढायचा, आणि मग कधीतरी उत्तर यायचं.

वर्गातला रांजण मात्र सकाळीच भरलेला असायचा.

काठोकाठ. तो स्वतःच भरायचा की…

हातातला दोर जड झाला. पोहरा कधी बुडाला, त्याला कळलंही नाही. कळशी भरून खांद्यावर घेतली आणि टेकाड चढताना त्याचे पाय आपोआप हळू पडू लागले. मन म्हणत होतं, धाव. आत एव्हाना पोरीला रडू फुटलं असेल. तरी तो हळूहळूच चालला.

दाराशी आला आणि थबकला.

आत कुणी बोलत नव्हतं. बाई खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या, जणू वर्गात सारजा नाहीच. सारजाची मान तशीच खाली, पण बोटं चालली होती. एकदा थांबली. पुसल्यासारखी हलली. पुन्हा पहिल्यापासून चालली. हणमंतच्या जिभेवर शब्द आला होता. अख्खा आला होता. त्याने तो दातांखाली धरला.

…

“पंचवीस,” सारजा म्हणाली.

आवाज एवढासा. हणमंतने वर्षभरात तो एकटा असा कधी ऐकलाच नव्हता.

बाईंनी शाबास म्हटलं नाही की काही नाही. नुसती मान हलवली, आणि सारजा खाली बसली. शेजारच्या पोरीने तिला कोपराने ढोसलं, तशी ती हसली.

शाळा सुटल्यावर दोघं ओट्यावर बसली. हणमंतने भीत भीत विचारलं, मी नसताना तिला काय सांगितलंत.

“काही नाही.”

“एखादी खूण? एखादी युक्ती?”

बाईंनी कळशी उचलली, पायरीजवळच्या जास्वंदीच्या मुळाशी कलती केली आणि सगळं पाणी ओतून टाकलं. पाण्याचा घोटही त्यांनी घेतला नव्हता.

हणमंत त्या ओल्या मातीकडे बघत राहिला. आज संध्याकाळीच धनगरवाड्यावर जाऊन सारजाच्या बापाला सांगायचं, हे त्याच्या मनात पक्कं झालं होतं. पण धास्ती गेली नव्हती. उलट वाढली होती. पोरीला येऊ द्यायचं म्हणजे तिला उभं करायचं, आणि तिथे खिडकीबाहेर बघणारं कुणी नसणार. तिला वेळ लागणार, साहेबांना तो नसणार. शाळा गेली तर वाड्यावरच्या सगळ्या पोरी घरी बसणार. आणि आपल्या तोंडून अर्धा शब्द निसटला, तर त्याच घटकेला सगळं संपलं.

“बाई, मी आज थांबलो कसाबसा,” तो म्हणाला. “पण साहेब थांबायचे नाहीत. त्यांना पुढच्या शाळेत जायचं असतं. ते कसे थांबतील?”

…

बाईंनी चष्मा घातला. रिकामी कळशी त्याच्या हातात दिली.

“साहेबांना आडाचं पाणी पाज, हणमंता. सारजा उभी राहिली की आणायला मात्र तूच जा.”