बोल्टची मिठी

गाड्यांना टर्बो बसवणं नवलाईचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका रोटरी इंजिनाच्या शर्यतीच्या गाडीला इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो लावला. त्याचं सगळं वजन मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा तापलेला धूर वाहून नेणाऱ्या नळीवर आलं. ती पडेल या भीतीने तिला इंजिनाशी जोडणाऱ्या बोल्टने तिला करकचून धरलं.

"बोल्टदादा, तापले की मी लांबते. जरा सैल सोड ना."

"गप गं! पडलीस म्हणजे?"

गाडी धावली आणि मॅनिफोल्डला चीर पडली. बोल्ट रडवेला झाला.

"हिला हलायला जागाच नव्हती," गॅरेजवाल्या झुलेखाआपा म्हणाल्या. त्यांनी चीर सांधली आणि बोल्ट जातो ते मॅनिफोल्डचं भोक कानशीने थोडं लांबट केलं.

पुढच्या फेरीत मॅनिफोल्ड लालबुंद झाली, केसभर सरकली आणि निवल्यावर आपली आपण जागेवर आली.

"आलीस?" बोल्टने हळूच विचारलं.

"मी गेले कुठे होते, दादा?"