लोखंडी कपाट आणि जुना मोबाइल

ही गोष्ट नक्की कुठल्या घरातली, हे आता खात्रीने सांगवत नाही. पण वस्तू आपापल्या जागा स्वतःच ठरवीत, त्या काळातली आहे एवढं खरं.

त्या घरात वायफायचा नवा राउटर आला. दागिने सांभाळणारं लोखंडी कपाट घरात सगळ्यांत वडीलधारं. त्याने राउटरला पोटात घेतलं आणि दार लावलं.

"काका, इथं कोंडल्यासारखं होतं," राउटर म्हणाला.

"किमती वस्तू उघड्यावर ठेवायची आपल्यात पद्धत नाही."

मागच्या खोलीत वत्सलाबाईंचा जुना मोबाइल होता. त्यात लेकीचा चेहरा दिसू लागला, की मधेच गोठायचा. बाई हिरमुसायच्या. शेवटी मोबाइल म्हणाला, "काका, राउटरचा आवाज पोचत नाही हो. दार जरा उघडता का?"

कपाट हसलं. "दाराला कशाला नावं ठेवतोस? कान तुझे गेलेत. वय झालं की मान्य करावं."

एवढ्या मोठ्यांचं म्हणणं मोबाइलने खरं मानलं. बाईंची माफी मागून तो भंगारवाल्याच्या टोपलीत जाऊन बसला.

नवा मोबाइल आला. त्यालाही काही ऐकू येईना, तेव्हा चूक आपल्या दाराची, हे कपाटाला कळलं. कुणाकडे न बघता त्याने दार उघडलं आणि राउटरला समोरच्या फळीवर बसवलं. लेकीचं हसू घरभर ऐकू आलं. कपाटाला मात्र मान वर करवेना.

कित्येक वर्षांनी त्याने चौकशी केली, तेव्हा कळलं. भंगारवाल्याच्या घरी तो जुना मोबाइल शेवटपर्यंत सगळं स्वच्छ ऐकत होता, आणि तरीही प्रत्येक हाकेला आधी माफी मागत होता.