वस्तादांनी पाहिलेला एक्स-रे

एका गावच्या तालमीत रंगराव नावाचे वस्ताद होते. पोरांवर माया पोटभर, पण ती दाखवायची म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. बिरू हा त्यांचा लाडका पैलवान. जत्रेतल्या मोठ्या कुस्तीला तोच उतरणार होता.

सरावात बिरू मानेवर आपटला. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी मानेचा एक्स-रे काढला. "हाड मोडलेलं नाही. पण हाताला मुंग्या आल्या तर लगेच परत आणा," त्या म्हणाल्या. वस्तादांनी पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं.

तालमीत त्यांनी ती काळी फिल्म उन्हात धरली, सगळ्यांना मणके दाखवले आणि बिरूच्या गळ्यात व्यायामाचं दगडी कडं घातलं.

"वस्ताद, बोटांना मुंग्या येत्यात," बिरू म्हणाला.

"मणकं खणखणीत हायत. जत्रा जवळ आली की बऱ्या मुंग्या येत्यात!"

पोरं हसली. वस्तादांपुढे दुसऱ्यांदा बोलायचं नाही, ही तालमीची रीत. बिरू कडं गळ्यात तसंच ठेवून बैठका मारू लागला.

एके सकाळी त्याने रिवाजाप्रमाणे थंडाईचा पहिला पेला वस्तादांपुढे धरला आणि तो हातातून गळून पडला. वस्ताद ओरडणार, तोच त्यांनी पाहिलं, बिरूची मूठच वळत नव्हती. पोर पार भेदरलं होतं.

वस्ताद त्याला घेऊन तसेच दवाखान्यात धावले. "बाई, तुमचं यंत्र खोटं बोललं!"

"खोटं नाही, वस्ताद. एक्स-रेला हाडं दिसतात, त्यानं हाडांचं सांगितलं. हाडातली बारीक चीर शोधायची तर सीटी स्कॅन. मणक्यांमधली गादी सरकून नस दबली का, ते एमआरआयमध्ये दिसतं."

"मग सगळ्यात भारी तेच आधी का न्हाई लावलं?"

"भारी-हलकं काही नसतं. काय शोधायचंय, त्यावर ठरतं. आणि ते बिरूच सांगू शकत होता. त्याचं ऐकलंत?"

वस्तादांनी बिरूचा न वळणारा हात आपल्या हातात घेतला.

एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली. वेळेत आलात, हात सुधारेल, पण तूर्त कुस्ती बंद, असं बाईंनी बजावलं.

जत्रेत समोरच्या गावाने हिणवलं, "पैलवान भ्याला काय?"

रंगराव स्वतः आखाड्यात उतरले. "पोरगं भ्यालं न्हाई. पोरगं सांगत हुतं, म्याच ऐकलं न्हाई." मानेला पट्टा लावून कडेला बसलेल्या बिरूला रडू आवरेना.

तात्पर्य: एका तपासणीत काही दिसलं नाही, म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही; ज्याला दुखतं, त्याचं आधी ऐकावं.